कारंज्याच्या वेशीतून पायी ये

कारंजा (लाड), जि. वाशीम
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. नातीस,


तुझा निरोप पोचला. मैत्रिणींना आपलं गाव दाखवायला आणते आहेस हे कळल्यावर तुझ्या आजीनं लगेच फडताळातला तिळाचा डबा खाली काढला, कोणती गोधडी कुणाला द्यायची हेही तिचं ठरून गेलं, आणि मी मात्र तू पाठवलेला तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा वाचत बसलो. पहाटे नागपूरहून निघायचं, समृद्धी महामार्गानं अडीच तासांत कारंजा, इथं दीड तास, मग पोहरादेवी, मग वाशीम, मग शिरपूर आणि रात्री परत वसतिगृहावर. तुझी हौस खरी आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. आपलं गाव पाहावंसं वाटणारी नात असणं हेच आम्हा म्हाताऱ्यांचं भाग्य. काळजी वाटली ती फक्त त्या दीड तासाची. म्हणून हे पत्र. निवांत वाच बाळा, जेवणाच्या ताटावर बसून वाचू नकोस.

माझं मागणं एवढंच, की या खेपेला एकच गाव पाहा आणि त्याला अख्खा दिवस दे. बाकीची गावं कुठं पळून जात नाहीत. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. चौथ्या शतकात सर्वसेनानं तिथं राजधानी केली, त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट १९३९ साली तिथंच सापडला, आणि पुढं याच घराण्यातल्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. एवढं मोठं प्रकरण तू संध्याकाळच्या पाऊण तासात कुठं बसवणार? पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं तर रामनवमीच्या यात्रेत घ्यावं, तांडेच्या तांडे उतरलेले असतात तेव्हा. आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची तर कथाच अशी, की एलिचपूरचा राजा ती मूर्ती आपल्या नगरीत नेत होता, मागं वळून पाहायचं नाही एवढी एकच अट होती, शिरपूरपाशी त्याचा धीर सुटला, त्यानं वळून पाहिलं आणि मूर्ती तिथंच अधांतरी राहिली. त्या गावी घाईनं जाऊच नये, नाही का? ती तिन्ही आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत करू, एकेक दिवस एकेकाला.

तर आदल्या दिवशी संध्याकाळीच या. रात्री लवकर निजा आणि पाचाला उठा. तुला उठवावं लागणार नाही हे मला ठाऊक आहे, लहानपणीही तू आजीच्या आधी अंगणात हजर असायचीस. तुझ्या मैत्रिणींना मी हाक मारीन, रागावणार नाही. थंडी आहे, आंघोळीला कढत पाणी मिळेल, पण एकेक बादलीच (बंबात एवढंच मावतं, आणि पुरतंही). उजाडायच्या आत गुरुमंदिरात पोचायचं. गाव जागं होत असतं त्या वेळचं कारंजं निराळंच. पाणी शिंपडलेल्या सडकेचा वास येतो, कुठंतरी चहाचं पातेलं चढलेलं असतं, आणि बाजार समितीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, आता बैलांच्या थोड्या आणि ट्रॅक्टरच्या फार, रस्त्यानं पांढरे पुंजके सांडत जातात.

गुरुमंदिर म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, हे तुला माहीत आहे. इसवी सन १३७८ च्या सुमारास इथल्या काळ्यांच्या घरात माधव आणि अंबा यांच्या पोटी हे मूल जन्मलं असं मानतात. गुरुचरित्रात कारंज्याचा उल्लेख आहे, पण नेमकं ठिकाण मात्र लोकांच्या विस्मरणात गेलं होतं. ते हुडकून काढलं टेंबेस्वामींनी, वासुदेवानंद सरस्वतींनी. आज दिसतं ते मंदिर आणि त्यातल्या पादुकांची स्थापना १९३४ सालची, ती ब्रह्मानंद सरस्वतींनी, ज्यांना लीलादत्त म्हणत, त्यांनी केली. म्हणजे बघ, साडेपाचशे वर्षं ही जागा आपल्या गावात होती आणि गाव आपल्या उद्योगात होतं.

पण तिथं बसशील तेव्हा तुला आठवावी म्हणून त्या मुलाची गोष्ट सांगतो, आजीनं सांगितली असेल तरी पुन्हा ऐक. ते पोर जन्मतःच ओंकार म्हणालं आणि पुढं दुसरं अक्षर बोलेना. नरहरी नाव ठेवलं, वाढलं, खेळलं, सगळं समजायचं त्याला, पण बोल म्हटलं की ओम. आईनं काय काय केलं असेल! शेजारणींचे टोमणे, वैद्य, नवस, पिंपळाच्या पानावर जेवू घालणं. सातव्या वर्षी मुंजीचा विषय निघाला तेव्हा लोक म्हणाले, मुक्याला गायत्री कशी शिकवणार? आईबापांनी तरी मुंज केली. आईनं पहिली भिक्षा घातली आणि पोरानं ऋग्वेदाची ऋचा म्हटली. दुसरी घातली, यजुर्वेद. तिसरी घातली, सामवेद. मग तो काशीला निघाला. आणि इथं माझं मन दरवेळी थांबतं बाळा. आई म्हणाली, तू एकुलता एक, तू गेल्यावर मी कुणाकडे पाहू? तर हा वेद बोलणारा मुलगा, ज्याला काशी दिसत होती, तो थांबला. आईला जुळी मुलं झाली, ती तीन महिन्यांची झाली, तिचा जीव त्यांच्यात रमला, तेव्हा तिचा निरोप घेऊन निघाला. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर हे सगळं नंतरचं; आणि पुष्कळ वर्षांनी संन्यासी होऊन आईबापांना आणि बहिणीला भेटायला तो परत याच गल्ल्यांतून आला. गाणगापूरला लाखो लोक जातात. आपल्याकडे मात्र त्याचं लहानपण आहे, आणि ते पाहायला गाभाऱ्यापुढं थोडं बसावं लागतं. पादुकांना हात जोडून लगेच पायऱ्या उतरू नका.

मंदिरातून निघालात की गाडी आमच्या दारातच राहू दे, आणि वेशीकडे पायी चला. आपल्या गावाला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. ज्या दिशेला जो रस्ता जाई त्याचं नाव दरवाजाला, एवढा साधा हिशेब. मात्र पोह्यापासून दिल्लीपर्यंतचं जग त्या चार नावांत मावलं होतं. गाडीत बसून वेशीतून गेलात तर कमान डोळ्यांपुढून जायला एक क्षण लागतो. पायी गेलात तर आधी तिची सावली अंगावर येते, मग गारवा लागतो, मग आपोआप मान वर जाते. दगड कसे बसवलेत ते बघ. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दोघांना रेटून उभा आहे, एकही एकटा उभा नाही. आतल्या जुन्या घरांतही वाकून बघ, लोक नाही म्हणत नाहीत, फक्त दारात उभं राहून गोड शब्दात विचारायचं, “काकू, जरा आत येऊ का?” हातभर जाड भिंतीत अडसराचं खोल भोक असतं, रात्री तो ओढून दाराला लावायचा आणि सकाळी परत भिंतीत ढकलायचा, त्या भोकाची कड हाताला लागून लागून गुळगुळीत झालेली असते, तिथं बोट फिरवून बघ. पणतीची देवळी असते, तिच्या वरचा काळा धुराचा पट्टा कितीदा चुना दिला तरी वर येतो.

एवढ्या जाड भिंती आणि अडसर का लागले ते आता सांगतो. हे गाव फार श्रीमंत होतं. कापूस, कापड, सावकारी, सगळं इथं चाले. सतराव्या शतकात शीलविजय नावाचे जैन साधू तीर्थयात्रा करत इथं आले, त्यांनी आपल्या तीर्थमालेत इथल्या धनवंतांचं, भोज संघवी नावाच्या बघेरवाल व्यापाऱ्याच्या घराण्याचं, वर्णन करून ठेवलं आहे. आणि लक्ष्मीचा गाजावाजा झाला की फौजा येतात. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मराठ्यांची फौज मोगलांच्या वऱ्हाडात शिरून थेट कारंज्यावर आली. सोनं, चांदी, उंची कापड असा सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेला अशी नोंद आहे. गावातले सगळे धनवान पकडून नेले, सर्वांत मोठा तेवढा निसटला. कसा माहीत आहे? बाईचं लुगडं नेसून. महाराजांच्या फौजेत बाईमाणसाच्या वाटेला जायचं नाही असा सक्त हुकूम होता, तो त्याला ठाऊक होता, आणि त्या हुकुमाच्या भरवशावर तो पदर डोक्यावर घेऊन फौजेच्या डोळ्यांदेखत निघून गेला.

या गोष्टीपाशी थोडं थांब. आपण महाराजांचं नाव घेऊन वाढलो, आणि लुटलं गेलेलं गावही आपलंच. मला यात कधी अडचण वाटली नाही. वऱ्हाड तेव्हा मोगलांचं, स्वराज्याला पैसा हवा होता, आजूबाजूच्या गावांकडून पुढच्या चौथाईची लेखी कबुलीही घेतली गेली; हे राजकारण झालं. पण परमुलखात, लुटीच्या धामधुमीत, रागानं आणि लोभानं तापलेल्या शिपायाचा हात एका लुगड्यापाशी थांबतो, आणि तो थांबेल याची खात्री शत्रूच्या गावातल्या माणसालाही असते, ही मला त्या एक कोटीहून मोठी गोष्ट वाटते. तुझ्या मैत्रिणींना ती वेशीखालीच उभं राहून सांग.

त्याच श्रीमंतीची दुसरी गोष्ट कस्तुरीच्या हवेलीची. ही दंतकथा आहे, तशीच ऐक. सांगतात, की परमुलखातला एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडत इथं आला. एवढी कस्तुरी घेणारा कुणी भेटेना, तेव्हा तो या गावाला नावं ठेवू लागला. लेकुरसंगई नावाच्या सावकाराच्या हवेलीचं बांधकाम चाललं होतं. त्याच्या कानावर हे गेलं, त्यानं सगळा माल विकत घेतला आणि तिथल्या तिथं बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकला. व्यापाऱ्यानं तोंडात बोट घातलं. पुढं कित्येक वर्षं त्या भिंतींना वास येई म्हणतात. लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्हांला फार अभिमान वाटायचा. आता वय झाल्यावर वाटतं, की गावाची अब्रू राखली हे छान, पण चुन्यात गेलेली कस्तुरी कुणाच्या औषधाला आली नाही. (तुझी आजी म्हणते, मी चिंधीसुद्धा टाकत नाही, मला कस्तुरीचं दुःख होणारच.) तू ती जागा बघ आणि तुझं तू ठरव.

आता ज्यासाठी मी तुला खरं तर बोलावतो आहे तिथं येतो. आपल्या गावात दिगंबर जैनांच्या भट्टारकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, तीन गाद्या होत्या: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. एका लहानशा गावात तीन परंपरांची तीन मंदिरं नांदली. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघताना मान दुखेपर्यंत बघ. पण त्याहून मोठं धन होतं ते पोथ्यांचं. भट्टारक आणि त्यांचे शिष्य पोथ्या नकलून घेत, श्रावक त्यासाठी दान देत, आणि त्या शास्त्रभांडारात ठेवल्या जात. शेकडो वर्षं हे चाललं. गाव लुटलं गेलं, राज्यं बदलली, मोगल गेले, निजाम आणि भोसले आले, इंग्रज आले, आणि या पोथ्या आपल्या वेष्टनात गुंडाळून बसून राहिल्या.

विसाव्या शतकात, १९२० नंतरच्या दशकात, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक हिरालाल जैन इथं आले आणि त्यांनी त्या पोथ्या उलगडून वाचल्या. त्याच सुमाराला रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची मोठी सूची केली, ती १९२६ साली छापली गेली, तिच्यातही कारंज्याच्या पोथ्या आल्या. (नावाचा गोंधळ करू नकोस हं, हे दोघे हिरालाल वेगळे.) आणि काय निघालं त्यांतून? दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंत नावाचा थोर कवी अपभ्रंश भाषेत लिहीत होता. त्याची जसहरचरिउ आणि णायकुमारचरिउ ही काव्यं. अपभ्रंश म्हणजे आपल्या मराठी-हिंदीच्या आधीची, लोकांच्या तोंडची भाषा. तिच्यात एवढी मोठी काव्यं झाली होती हे विद्वानांनाही तोवर पुरतं उमगलेलं नव्हतं. मग कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ साली प. ल. वैद्यांनी जसहरचरिउ संपादून छापलं, १९३३ ला हिरालालजींचं णायकुमारचरिउ आलं, १९३४ ला मुनी कनकामरांचं करकंडचरिउ. या शेवटच्या काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचं वर्णन आहे, आणि ती लेणी म्हणजे आपल्या मराठवाड्यातली धाराशिवची लेणी हे हिरालालजींनी दाखवून दिलं. विचार कर, डोंगर धाराशिवला, आणि त्याची खूण वऱ्हाडातल्या एका पेटीत. जगातल्या विद्यापीठांत अपभ्रंश शिकणारी मुलं आजही ज्या पुस्तकांचा आधार घेतात, त्यांच्या मुखपृष्ठावर आपल्या या गावाचं नाव आहे.

अशी पोथी कुणी दाखवली तर कशी बघायची तेही सांगून ठेवतो. हात धुऊन, कोरडे करून बसायचं. लांबट सुटी पानं असतात, वरखाली लाकडी फळ्या, त्याभोवती कापड घट्ट गुंडाळलेलं. पान बोटानं ओढायचं नाही, तळव्यावर उचलायचं. काळी शाई, आणि जिथं अध्याय संपतो तिथं लाल. मधोमध थोडी जागा कोरी सोडलेली दिसेल. ताडपत्राला दोरी ओवायला तिथं भोक असे, कागद आल्यावर भोक गेलं पण लिहिणाऱ्यांनी ती जागा सोडायची रीत मोडली नाही. आणि शेवटचं पान जरूर बघ. प्रत करणारे तिथं तिथी-वार, गाव, कुणासाठी लिहिली हे नोंदवत, आणि पुष्कळदा वाचणाऱ्याला विनवणी करत, की वाकून वाकून पाठ-मान मोडून हे लिहिलं आहे, तेला-पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून याला जपा. एकेक अक्षर सुटं, सारख्या उंचीचं, कुठं घाईचा फराटा नाही. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणून मुद्दाम सांगतो. परीक्षेच्या शेवटच्या पानावर ते पळायला लागतं, तेवढं आवर.

मंदिरात मोठ्यानं बोलू नका, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा, आणि विचारल्याशिवाय फोन काढू नका. तुला हे सांगायची गरज नाही, मैत्रिणींसाठी सांगतो. पोथ्या पाहायच्या तर व्यवस्था पाहणाऱ्यांना आधी विचारावं लागतं. मी विचारून ठेवतो. “आज नाही, उद्या या” म्हणाले तर हिरमुसायचं नाही. ज्यांनी एवढं सांभाळलं त्यांना आपल्याला थांबवायचा हक्क आहे. वेळ मिळाला तर महावीर ब्रह्मचर्याश्रमही बाहेरून बघा. १९१८ साली देवचंदजींनी, जे पुढं समंतभद्र महाराज झाले, त्यांनी हे गुरुकुल काढलं आणि कितीतरी गरीब मुलं तिथं शिकून मोठी झाली.

दुपारी घरी या. बाहेर खाऊ नका. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि ताक एवढंच आहे. पण चालून आलेल्या पोटाला ते फार गोड लागतं. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या, वीस-वीस रुपयांचं पाणी विकत घ्यायचं काही कारण नाही, ते पैसे वाचतील ते मंदिराच्या पेटीत टाका नाहीतर रस्त्यावर हरभऱ्याची भाजी विकत बसलेल्या म्हातारीकडून दोन जुड्या घ्या आणि भाव करू नका. जेवलात की घटकाभर आडवं व्हा. दुपारी पडण्यात वेळ वाया जातो असं तुम्हा मुलांना वाटतं, पण संध्याकाळी बघायला डोळे ताजे लागतात.

ऊन कललं की स्टेशनावर जाऊ, मीही येईन काठी घेऊन. आपली शकुंतला आगगाडी तू धावताना पाहिली असशील तरी आठवत नसेल. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटांची अरुंद लाईन, मधलं महत्त्वाचं ठाणं कारंजा. इंग्रजांच्या किलिक निक्सन कंपनीनं कापूस वाहायला ती घातली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढे, तिथून मुंबई, तिथून बोटीनं मँचेस्टर. आणि गंमत बघ, कापूस गेला मँचेस्टरला आणि १९२१ साली तिथं बनलेलं वाफेचं इंजिन आलं इकडे, ते १९९४ पर्यंत या रुळांवर धावलं. मग डिझेलचं लागलं. रस्त्याचं फाटक आलं की गाडी थांबे, तिच्यातलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पुढं जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे. चढून बसलेली माणसं तोवर एकमेकांचे गाव, गोत, पिकं, लेकीबाळी सगळं विचारून घेत. तुझ्या पणजीचं माहेर त्या लाईनीवरचं, आणि तुझ्या आजीचं स्थळ त्या गाडीतच निघालं, हे तुला कुणी सांगितलं आहे का? नसेल तर तिलाच विचार, मी लिहिलं तर माझ्यावर रागावेल. आता गाडी बंद आहे. रुळांत गवत वाढलं आहे. पण नावाची पाटी, दगडी फलाट आणि त्या दोन रुळांमधलं ते एवढंसं अंतर प्रत्यक्ष बघ. एवढ्याशा वाटेवरून केवढा कापूस गेला हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

परतताना ऋषी तलावावर. करंज ऋषींना महारोग झाला, त्यांनी अंबेची करुणा भाकली, तिनं आपल्या देवळासमोर तळं निर्माण केलं, त्यात स्नान करून ते बरे झाले, आणि त्यांच्यावरून गावाचं नाव पडलं, अशी जुनी समजूत. तिथं फार काही बघायचं नाही, काठावर बसायचं. दिवसभरात काय काय पाहिलं ते एकमेकींना सांगा. मला खात्री आहे, प्रत्येकीनं वेगळंच पाहिलेलं असेल.

एक कठीण गोष्ट राहिली, तीही बोलून टाकतो. समृद्धीवर गाडीला ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, तेवढं धावलंच पाहिजे असा हुकूम नाही. रस्ता सरळ, दोन्हीकडे माणूस नाही, झाड नाही, चालवणाऱ्याचे डोळे उघडे राहून मन झोपी जातं, म्हणून जी गाडी चालवणार तिला रात्री पुरती झोप घेऊ दे, निघताना टायरची हवा बघा, आणि तासाभरानं उतरून चार पावलं चाला. दहा मिनिटं उशिरा आलात तर आजी पुन्हा चहा टाकेल. मधूनमधून “कुठवर आलात” म्हणून फोन करणार नाही असं मी ठरवलं आहे, पण तुझ्या आजीचा भरवसा देत नाही.

शनिवारी दिवेलागणीपर्यंत पोचा. किती जणी आहात ते गुरुवारीच कळव, म्हणजे दुधाचं सांगता येईल. अंथरुणं पुरेशी आहेत, टॉवेल ज्याचे त्यानं आणावेत. पायात जुनी, सवयीची चप्पल घाला, नवी नको. आणि ओसरीवरचं जुनं दप्तर तुझ्यासाठी काढून ठेवलं आहे. त्यात गावाचा हातानं काढलेला नकाशा आहे, माझ्या शाळकरी दिवसांतला, त्यावर चारी वेशी आहेत. पुढं भर घालायला जागा सोडलेली आहे, पेन्सिल घेऊन ये.

तुझ्या आईबाबांना आशीर्वाद, मैत्रिणींनाही.

तुझे,
आबा